अर्धं डोकं सालेकशाचं

भाऊंना त्यांच्या खुर्चीवर बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. खुर्ची होती. चांगली फिरती, गादीची, साहेबांनी मुद्दाम नागपूरहून मागवलेली. तिच्यावर भाऊंचा दुपट्टा बसायचा. भाऊ स्वतः मशीनची खोली, माझं टेबल, बाहेरचा व्हरांडा आणि कोपऱ्यावरची पानटपरी यांच्यामध्ये दिवसभर येरझारा घालायचे. हातात चहाचा कप असला तर तोही त्यांच्याबरोबर सगळीकडे फिरून यायचा आणि निम्मा फरशीवर सांडायचा.

मी तेव्हा गोंदियातल्या एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये पेशंटची नोंद करायचे आणि रिपोर्ट टाइप करायचे. दोन हजार सात-आठचा सुमार. साहेब म्हणजे सेंटरचे मालक, स्कॅन वाचणारे डॉक्टर. भाऊ म्हणजे ते मशीन चालवणारे टेक्निशियन. माझ्याहून बरेच मोठे, गोरेगावकडच्या पोवार घरातले, घरी धानाची शेती. एकदा वैतागून मी म्हटलं, "भाऊ, जरा एका जागी थांबा ना, मला चक्कर येते तुमच्याकडे बघून." तर म्हणाले, "आमचे लोक माळव्यातून पायी आले, बाई. बाकीचे इथं येऊन थांबले. माझे पायच थांबले नाही, त्याले मी काय करू?"

मला त्यांचा राग यायचा, हे सांगून टाकलेलं बरं. माझ्या टेबलावरचं पेन ते उचलून न्यायचे आणि टपरीवर ठेवून यायचे. मी वाक्य टाइप करत असताना मागे उभं राहून ते वाक्य माझ्याआधी संपवायचे. खर्रा, म्हणजे पुडीत घोटलेली तंबाखू-सुपारी, त्यांनी सोडला होता, म्हणजे खायचा सोडला होता. घोटायचा नाही. नुसत्या सुपारीची प्लास्टिकची पुडी तळहातावर सतत घासत असायचे, आणि त्या चुरुचुरु आवाजाने माझं डोकं उठायचं. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत रजा घेऊन शेतावर जायचे आणि दुपारीच परत यायचे. "बांधीत उभा राहिलो का मशीन आठवते, आन् मशीनपाशी आलो का बांधी आठवते," म्हणायचे. रजेचा अर्ज मात्र माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

पण त्यांचं एक काम असं होतं की त्यासाठी सालेकसा, आमगाव, तिरोड्यापासून लोक भाऊंचं नाव काढत यायचे. सीटीच्या मशीनमधून जी फाईल निघते तिला डायकॉम म्हणतात. ती साध्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. पोटात पेशंटचं नाव, वय, तारीख, डावी-उजवी बाजू असं सगळं गच्च भरलेलं असतं आणि वजनाला ही एवढी. आमचं इंटरनेट त्या काळात रांगत होतं. मोठ्या डॉक्टरांचा सल्ला हवा तर फिल्म रेल्वेने नागपूरला पाठवायची, नाहीतर पेशंटलाच हलवायचं. भाऊंनी कुठूनसा एक प्रोग्राम मिळवला आणि त्या फाईलींचे साधे फोटो, जेपीजी, करायला सुरुवात केली. एका डोक्याचे तीसेक काप, तीसेक फोटो, सगळे मिळून ईमेलने नागपूरला. तिथले मेंदूचे सर्जन दवाखान्यात बसून बघायचे आणि फोन करायचे.

"डायकॉम म्हंजे धान, बाई," भाऊ मला समजवायचे. "जेपीजी म्हंजे तांदूळ. शिजवाले सोपा, खाले सोपा, कुठंही पाठव. पन तांदूळ पेरून पाय बरं, उगवते काय?" टरफलाबरोबर काय काय निघून जातं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नावही निघून जायचं. प्रोग्राममध्ये एक खूण केली की प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नाव छापून येई, पण मग दर फोटोला थोडा वेळ जास्त लागे. भाऊंनी ती खूण पहिल्याच आठवड्यात काढून टाकली होती.

मेल पाठवला की भाऊंचा खरा छळ सुरू व्हायचा. "पोहोचलं काय?" मी म्हणायचे, गेलंय. "गेलं ते मले दिसते. पोहोचलं काय?" मग नागपूरला फोन. तिथला कंपाउंडर इतका विटला होता की आमचा नंबर दिसला की हॅलोच्या जागी "पोहोचलं, भाऊ" म्हणूनच फोन उचलायचा.

प्रोग्राम मध्येच प्रश्न विचारायचा. या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? कारण तो प्रत्येक माणसाच्या कापांना एक, दोन, तीन असेच नंबर द्यायचा. त्याच्या लेखी सगळ्यांची डोकी सारखीच. भाऊ प्रश्न पुरता उमटायच्या आत 'हो' दाबायचे. "वाचा तरी," मी म्हणायचे. "वाचत बसलो तं पेशंट बुढा होईन," हे त्यांचं उत्तर.

आणि हो, त्यांचा एक खेळ होता. काम नसलं की जुने फोटो उघडायचे आणि बाणाचं बटन दाबून धरायचं. मग हनुवटीपासून टाळूपर्यंत सगळं डोकं पडद्यावर भराभर वर चढायचं, परत उतरायचं. याला ते डोकं चालवणं म्हणायचे. उभ्या उभ्या, पाय हलवत, तासन्‌तास लोकांची डोकी चालवायचे.

त्या दिवशी साहेब लग्नाला बालाघाटला गेले होते आणि फिल्म छापायचा प्रिंटर बिघडला होता. म्हणजे सगळी भिस्त भाऊंच्या जेपीजीवर. थंडीचे दिवस होते. सकाळीच एक तरुण माणूस आला. नागझिरा अभयारण्यात गाईडचं काम करणारा, चोरखमाऱ्याच्या अलीकडच्या गावचा. पहाटे गेटवर जाताना मोटारसायकलसमोर रानडुक्कर आलं आणि हा रस्त्यावर आपटला. डाव्या कानावर टेंगूळ, बाकी ठणठणीत. बरोबर बायको आणि थोरला भाऊ. नंबर यायची वाट बघताना व्हरांड्यासमोरच्या झाडावर एक पाखरू बसलं, तर त्याने मला विचारलं, "ताई, याचं नाव सांगा." मला कुठलं येतंय. त्याने मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत, मग गोंडीत. बायको म्हणाली, "याले पाखराईचे नावं पाठ आहेत, घरचं सामान आनाचं तेवढं याद राहत नाही." तो हसला. डोकं दुखतंय म्हणून एक डोळा बारीक करून हसला.

त्याच्या पाठोपाठ सालेकशाकडचा एक म्हातारा आला. कचारगडच्या यात्रेत चक्कर येऊन पडलेला. दोघांचेही स्कॅन झाले.

भाऊंनी आधी गाईडचे फोटो एका फोल्डरमध्ये काढले. मेल करायच्या आत म्हाताऱ्याचे काढायला घेतले, कारण एक काम संपून दुसरं सुरू होणं त्यांना सोसतच नसे. फोल्डर बदलायचं राहिलं. प्रोग्रामने नेहमीचा प्रश्न विचारला, भाऊंनी नेहमीचं 'हो' दाबलं. अर्धे फोटो निघाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की फोल्डर चुकलं. तिथेच थांबवलं, नवं फोल्डर केलं आणि म्हाताऱ्याचे सगळे फोटो पहिल्यापासून त्यात काढले. काम व्यवस्थित झालं असं त्यांना वाटलं. मग दोन्ही फोल्डर नागपूरला रवाना केली आणि पोहोचलं काय म्हणून फोन केला.

पोहोचलं होतं. थोड्या वेळाने नागपूरच्या डॉक्टरांचाच फोन आला. दोघांच्याही डोक्यात काही नाही. गाईडला घरी न्या, लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा गुंगी आली तर घेऊन या. भाऊंनी व्हरांड्यात जाऊन स्वतः सांगितलं. थोरल्या भावाने हात जोडले, बायकोने डोळे पुसले, आणि ते लोक काळीपिवळी जीपच्या स्टँडकडे चालत गेले.

दुपारी पेशंट नव्हते. मी डबा खाऊन हात धुवत होते. मशीनच्या खोलीतून बटनाचा टकटक आवाज येत होता, भाऊंचा खेळ चालू होता. मग आवाज थांबला. परत सुरू झाला, पण हळू. एकेक करून.

"बाई, इकडे ये. हे पाय."

मी गेले. पडद्यावर एक डोकं होतं. भाऊंनी बटन दाबलं, पुढचा काप आला. परत मागचा. परत पुढचा.

"इथवर बुढा आहे," ते म्हणाले. "इथून पुढे जवान आहे."

मला आधी कळेना. मग दिसलं. खालचा मेंदू आक्रसलेला, कवटीपासून सुटलेला, मध्ये काळ्या फटी. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. आणि पुढच्याच कापात कवटी एकदम रुंद झालेली, मेंदू काठोकाठ. अर्धं डोकं सालेकशाचं आणि त्याच्यावर अर्धं चोरखमाऱ्याचं. म्हाताऱ्याच्या फोटोंनी गाईडच्या पहिल्या निम्म्या फोटोंच्या जागा घेतल्या होत्या, आणि ते जोडडोकं आम्ही एकाच माणसाचं म्हणून नागपूरला धाडलं होतं.

भाऊंनी मशीनवरचं मूळ स्कॅन उघडलं. गाईडच्या डोक्याच्या खालच्या भागात, डाव्या कानाच्या वर, कवटीला आतून चिकटलेला पांढरा डाग होता. पांढरं म्हणजे रक्त, एवढं मलाही कळायचं.

मी त्यांना बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे ऐकत ऐकत खरे फोटो काढले, नाव छापायची खूण केली, मेल पाठवला आणि नागपूरला फोन लावला. उत्तर आलं: ताबडतोब आणा. नोंदीत मी गावातल्या किराणा दुकानाचा नंबर घेतलेला होता. दुकानदार म्हणाला, "आत्ताच उतरले ना ते. पोरगा झोपून राहिला घरी."

"ॲम्बुलन्स बोलव," भाऊ म्हणाले. "आन् तू पन चाल, बाई. मले कोन घरात येऊ देईन?"

तिरोड्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे खड्डे. भाऊ ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धे दाराबाहेर. कधी डॅशबोर्डवर थापा मारत, कधी पायाने नसलेला ब्रेक दाबत. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "भैया, आप ठीक से बैठो तो गाडी चले." भाऊ म्हणाले, "तू चला ना, मैं बैठाच हूँ." सुपारीची पुडी हातात चुरुचुरु वाजत होती. त्या दिवशी मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

घराच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमलेली, पडून आला म्हणून बघायला. थोरल्या भावाने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. भाऊंनी सांगितलं, नागपूरला न्यावं लागेल, डोक्यात रक्त आहे.

"सकाळी म्हनाले काही नाही," थोरला म्हणाला. "आता म्हनता रक्त आहे. दुपारी पिकलं काय रक्त?"

"सकाळी पाठवले ते फोटो चुकले. खालचं अर्धं डोकं दुसऱ्या पेशंटचं गेलं. सालेकशाच्या एका बुढ्याचं. चूक मी केली. मशीनची नाही, डॉक्टरची नाही. माझी आहे."

अंगणात कोणीतरी हसलं. मला त्या माणसाचा राग आला, पण खरं सांगायचं तर ऐकायला ते थापच वाटत होतं. एका माणसाच्या धडावर दोन गावांचं डोकं! थोरला म्हणाला, "आम्ही खेड्याचे आहो म्हनून काहीही सांगता काय? नागपूरले न्याचं, तिथं बिल काढाचं, त्यात तुमचा कट राहते. सगळं मालूम आहे आमाले."

भाऊंनी खिशातून सीडी काढली. निघताना त्यांनी दोन्ही डोक्यांचे फोटो तिच्यावर उतरवून घेतले होते. जेपीजी असल्यामुळे ती घरातल्या साध्या सीडी प्लेअरवर, टीव्हीवर दिसली असती. "टीव्ही लावा. तुमच्या डोळ्याने पाहा."

"लाईट नाही. सहाले येते."

"सहापर्यंत थांबता येत नाही गा!"

"मंग सहाले दाखवा, तवा पाहू," थोरला म्हणाला आणि उंबरठ्यात जाऊन बसला, दार अडवून.

भाऊ अंगणातून विहिरीपर्यंत गेले, परत आले. परत गेले. दुपट्टा खांद्यावरून पडला, तो कोणीतरी उचलून दिला. मला वाटलं, आता हा माणूस त्या थोरल्याच्या अंगावर धावून जाणार. तेवढ्यात गाईडची बायको दारात आली. दिराच्या मागे उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

"भाऊ, याच्यानं तुमची नोकरी जाईन काय?"

"जाऊ शकते."

"मंग सांगाले काऊन आले?"

भाऊंनी तिच्या मागे, घरात बोट दाखवलं. मग म्हणाले, "तो झोपून राहिला ते चांगलं नाही, माय. त्याले उठव. उठते काय ते पाय."

ती आत गेली. आम्ही दिराच्या डोक्यावरून आत बघत होतो. तिने त्याला हलवलं, हाक मारली, गालावर चापट्या मारल्या. त्याने डोळे उघडले.

"मी कोन आहे?" तिने विचारलं.

"पानी," तो म्हणाला.

तिने तांब्या पुढे केला. त्याने मान हलवली. पाणी नको होतं. तो तिचं नाव सांगत होता. तिने परत विचारलं, त्याने परत तेच सांगितलं, आणि आपण चुकतोय हे त्याला कळत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती दिराला म्हणाली, "उठा. दार सोडा. चाला." थोरला उठला. त्यानेच भावाला उचलून ॲम्बुलन्समध्ये ठेवलं.

अंधार पडायला नागपूर आलं आणि लगेच ऑपरेशन झालं. माणूस वाचला. पण त्याचे शब्द गेले, सगळे नाहीत, बरेचसे. सकाळीच नेलं असतं तर राहिले असते का, हे भाऊंनी त्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, असते कदाचित, नसतेही कदाचित, सांगता येत नाही. भाऊंनी ते परत विचारलं, फोन करून विचारलं, दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. साहेब बालाघाटहून परत आल्या आल्या भाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. साहेब ओरडले, नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर भाऊंना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. मला त्यांची दया येत होती आणि त्यांना बघून संतापही होत होता. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

येरझारा काही थांबल्या नाहीत. उलट वाढल्या. पण एक नवा नियम आला. टेबलावर झोपायच्या आधी पेशंटने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगायचं. ते भाऊ स्वतः टाइप करणार, त्याच नावाचं फोल्डर होणार आणि तेच नाव प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात छापलं जाणार, वेळ लागला तर लागला. नातेवाइकांनी सांगितलेलं चालायचं नाही, माझ्या नोंदीतलंही नाही. याच्यात घोटाळा म्हाताऱ्या बायांचा व्हायचा. पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव, आणि ते घ्यायचं कसं? भाऊ म्हणायचे, "उखाण्यात घ्या, पन घ्या." आमगावच्या एका आजींनी खरंच सीटीच्या टेबलावर पडल्या पडल्या उखाणा घेतला. बाहेर त्यांचे नातू खो खो हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी ते नाव टाइप केलं आणि मग बटन दाबलं.

वर्ष उलटल्यावर तो गाईड तपासणीच्या स्कॅनसाठी आला. केस वाढले होते, कानावरच्या व्रणावरून भांग पाडलेला. जंगलातलं काम सुटलं होतं. आता बायकोबरोबर धान लावतो, कापतो, असं तिने सांगितलं. त्या दिवशी गर्दी होती, व्हरांडा भरलेला. भाऊ कीबोर्डपाशी उभे.

"नाव?"

बायको सांगू लागली.

"तू नको, माय. त्याले सांगू दे."

मला राहवलं नाही. "भाऊ, पुरे झालं. मला माहीत आहे, मी टाइप करते."

"तुले माहीत आहे, मले पन माहीत आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी त्याले विचारलं."

गाईडने तोंड उघडलं. काही आलं नाही. मग "झाड" आलं, त्याने ते मान हलवून नाकारलं. मग "पानी". त्याने टेबलाची कड धरली. बायकोचे ओठ हलत होते, पण आवाज तिने आत ठेवला होता. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "और कितना टाइम, भैया?" भाऊंचे पाय खाली आपलं काम करतच होते, हातातली पुडी वाजत होती, पण माणूस जागचा हलला नाही. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

पहिल्यांदा त्याचं स्वतःचं नाव आलं, तुटक. मग वडिलांचं. आडनाव मात्र एकदम आलं, मोठ्याने, आणि त्याच्या बायकोने पदर तोंडावर धरला. भाऊंनी एकेक अक्षर दाबून ते टाइप केलं, पडद्यावर वाचून पाहिलं आणि विचारलं, "गाव?"